रायपूरची काळी धूळ आणि उघड्यावरची गाडी

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. छत्तीसगडात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो, आणि रायपुरातल्या उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलींचे वर्षभराचे आरोग्य याच दिवसांत ठरते. म्हणून या आठवड्याचा स्तंभ गंजावर.

‘रायपूरला कुठे समुद्र आहे, गाडी गंजायला?’ असे कोकणात किंवा मुंबईत नातेवाईक असलेली आपली माणसे सहज म्हणतात. समुद्र नाही हे खरे, पण आपल्याकडे धूळ आहे. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नच्या भट्ट्या कोळशावर चालतात. तिथून उडणारी काळी पूड भनपुरी, खमतराईच्या गच्च्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर आणि गाडीच्या टाकीवर बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत रायपूरच्या हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम होती. संघटनेची तेव्हाची मर्यादा होती १०. फुप्फुसांचे काय होते याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. लोखंडाचे काय होते, तेही पाहायला हवे.

गंजासाठी पाणी आणि प्राणवायू लागतो, एवढे शाळेत शिकवतात. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली. गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात त्यांनी लोखंडाचे काही तुकडे खोलीत उघडे ठेवले आणि काहींभोवती मलमलीचा पडदा लावला. उघडे तुकडे गंजले. पडद्याआडचे कित्येक महिने जवळपास स्वच्छ राहिले. हवा तीच आणि ओलही तीच होती, फक्त मलमलीने धूळ अडवली होती. पुढे १९३५ साली त्यांनी हवेत थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळून पाहिले. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढला, आणि लोखंडावर कोळशाचे कण असतील तर तो आणखी उसळला. कोळशाचा धूर, कोळशाची पूड, आणि श्रावणातल्या सकाळी ८० टक्क्यांच्या वर जाणारी आर्द्रता: व्हर्नन यांनी प्रयोगशाळेत जे जुळवून आणले, ते आपल्या उत्तर रायपुरात दर पावसाळ्यात आपोआप जुळून येते.

म्हणून माझे सांगणे असे की, गाडी झाकण्याआधी ती धुवा. पहिला पाऊस पडला की गाडी आपोआप धुतली जाते, ही समजूत नुकसान करते. पावसाने टाकी चकचकीत होते, पण मडगार्डच्या आतली, चेन कव्हरमधली, स्पोकच्या मुळाशी आणि साइड स्टँडच्या खिळीपाशी साचलेली पूड तिथेच चिखल होऊन बसते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून दाखवले होते की, लोखंड झिजते ते थेंबाच्या मधोमध, जिथे प्राणवायू कमी पोहोचतो. चिखलाच्या खपलीखाली नेमके हेच घडते. वरून काही दिसत नाही आणि पत्रा आतून जातो. मडगार्डच्या आत हात घालून चिखल काढणे हे पॉलिशपेक्षा दहापट मोलाचे काम आहे.

धुताना साधा पाइप आणि सौम्य शॅम्पू पुरे. जोराच्या फवाऱ्याने पाणी चाकांच्या आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस निघून जाते. धुतल्यावर गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे कानाकोपऱ्यातले पाणी वाळेल. मग चेन. पेट्रोलने ती धुऊ नका, सीलचे रबर खराब होते. केरोसीन किंवा चेन क्लीनर वापरा, पुसा, आणि गिअर ऑइलचा हलका हात फिरवा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांकडे मात्र विशेष लक्ष द्या. क्रोमला सूक्ष्म छिद्रे असतात आणि गंज तिथून डोके काढतो. त्या खरखरीत ठिपक्यांवर ऑइल सील घासून फाटते, तेल गळते आणि पुढच्या ब्रेकवर जाते. इथे गोष्ट दिसण्याची राहत नाही, जिवाची होते. कापडाला किंचित तेल लावून आठवड्यातून एकदा नळ्या पुसा. ब्रेकच्या डिस्कला मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

आता कव्हर. बाजारात मिळणारे जाड प्लास्टिकचे कव्हर खालपर्यंत घट्ट बांधून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढते, कव्हरच्या आत दव धरते आणि गाडी रात्रभर त्या दमट उबेत राहते. त्यापेक्षा हवा खेळेल असे, वरून पाणी न झिरपणारे कापडी कव्हर घ्या. ते खालून सैल सोडा, आणि ऊन पडले की काढून वाळवा. सायलेन्सर गरम असताना झाकू नका. गाडी मातीवर किंवा गवतावर उभी करू नका. काँक्रीट नसेल तर चार फरश्या टाका. तात्यापारा, बूढापाराच्या जुन्या गल्ल्यांत गाडी आत घ्यायला जागा नसते हे मला ठाऊक आहे. तिथे निदान पन्हळीचे पाणी गाडीवर पडणार नाही एवढे पाहा.

गावी जाताना शेजाऱ्याला ‘रोज दोन मिनिटे गाडी सुरू करत जा’ असे सांगण्याचा रिवाज मोडायला हवा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही. त्या वाफेचे आतच पाणी होते आणि सायलेन्सर आतून कुजतो. सुरू करायचीच तर पाच-सहा किलोमीटर चालवा, नाहीतर बॅटरीची वायर काढून गाडी शांत उभी राहू द्या. टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओल ओढून घेते. ती प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. दोन-तीन महिने गाडी हलणार नसेल, तर भरून ठेवण्याऐवजी टाकी रिकामी करून, आत तेल फिरवून ठेवलेली बरी.

हे सगळे गाडीच्या मालकाने करायचे. पण एक माणूस असा आहे, ज्याला यातले निम्मेही शक्य नाही. सिलतऱ्याच्या भट्टीवर रात्रपाळी करणारा कामगार हप्त्यावर घेतलेली गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर उघड्यावर लावतो. सगळ्यात जास्त पूड त्याच्याच गाडीवर पडते, आणि गाडी बंद पडली तर त्याची हजेरी बुडते. धूळ पकडणारी यंत्रे रात्री बंद ठेवली जातात, ही त्या भागातल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. ती यंत्रे चोवीस तास चालली पाहिजेत, आणि पर्यावरण मंडळाने रात्री जाऊन ते तपासले पाहिजे. त्यात वेळ जाईल. फाटकाशी पत्र्याची शेड उभारायला मात्र महिनाही लागत नाही. उरला आणि सिलतऱ्याच्या कारखानदारांनी पाऊस येण्याआधी आपल्या कामगारांच्या गाड्यांवर छप्पर घालावे, ही माझी त्यांना विनंती आहे.