निसर्गाला पहारेकरी लागत नाहीत

‘पाचही बोटं सारखी नसतात’ असं म्हणत आपल्यातलेच काही जण उच्चनीचतेला निसर्गनियम ठरवतात. चौदाव्या शतकात जियाउद्दीन बरनीनेही ‘फतावा-ए-जहांदारी’त माणसाची लायकी जन्मावर ठरवली आणि खालच्या कुळातल्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये, असं बजावलं. मी विचारतो, ते जन्मतःच नालायक होते, तर शिक्षणबंदी कशासाठी? निसर्गाला पहारेकरी लागत नाहीत, मक्तेदारीला लागतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गुलामीतून मुक्त झालेल्या हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर अजानची जबाबदारी सोपवली. आपण मात्र नमाजच्या सफमध्ये अन्सारी, पिंजारी, बागवान यांच्या खांद्याला खांदा लावतो आणि मुलीचा निकाह ठरवताना बिरादरी विचारतो. याला दीन म्हणू नका, ही जातच आहे. मोडायची असेल तर सुरुवात निकाहापासून करा.