आडव्या बोअरचे पाणी कोणाचे?

दापोडीच्या कामगार वस्त्यांत मराठवाडा व सोलापूरकडून आलेली अनेक कुटुंबे राहतात. कारखान्यात मिळवलेल्या पगाराचा एक हिस्सा गावाकडच्या विहिरीत जातो. विहीर आटली की तळाशी यंत्र उतरवून कडेच्या खडकात शंभरेक फूट आडवे बोअर मारले जाते. पाणी लागले तर नशीब, न लागले तर कर्ज. वस्तुतः या जुगारामागे दैव नाही; भूगर्भ आहे आणि कायदाही आहे.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. थराच्या घट्ट भागात पाणी केवळ सांध्यांत व भेगांत असते. वरचा भाग सच्छिद्र असला तरी छिद्रे पुष्कळदा खनिजांनी बुजलेली असतात. म्हणून आडवे बोअर उभ्या भेगा छेदत गेले तर पाणी देते. अखंड पाषाणातून गेले तर हाती भुकटी येते. घट्ट वालुकाश्मातील नैसर्गिक वायूसाठी विहीर आडवी वळवतात, तेथेही भेगांची दिशा व दाटी यांवर उत्पन्न मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

परंतु बोअर नवे पाणी निर्माण करीत नाही. पावसाने मुरलेला साठा ते अधिक वेगाने ओढते, आणि भेगा सातबाऱ्याची हद्द ओळखत नाहीत. एकाची विहीर भरते तेव्हा शेजाऱ्याची आटते. मग शेजारी आणखी लांब बोअर मारतो. ज्याच्यापाशी पैसा अधिक, त्याचे पाणी अधिक. खाजगी लाभाच्या या शर्यतीची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या स्वाधीन केले. २०१४ मध्ये अंमलात आलेल्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेती व उद्योगांसाठी ६० मीटरहून खोल विहिरींवर बंदी घातली. तरीही बोअरयंत्रांची घरघर थांबलेली नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही टेक्सास राज्याला १९१९ मध्ये तेलविहिरींमधील अंतराचा नियम करावा लागला. मालकी हक्क तेथे अनिर्बंध राहिला नाही, तर तो येथे का राहावा?

उत्तर दूर नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर ठरला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला. ऊस वर्ज्य झाला.

तेव्हा भूगर्भाची पाहणी आणि ग्रामसभेची संमती यांशिवाय आडवे बोअर नको, आणि भूमिहीनांचा वाटा आधी ठरावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. कारखान्याच्या दारात एकजुटीने उभा राहणारा कामगार गावच्या विहिरीवर मात्र शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी होतो. ही विसंगती दूर करण्याचे काम दापोडीच्या वस्त्यांतूनच सुरू व्हावयास हवे.