परक्यांच्या चुकांची घोकंपट्टी

इंग्रजी शिकविणारें मराठी पुस्तक उघडावें, तर त्याच्या शेवटीं घोटाळ्यांत पाडणाऱ्या शब्दांचें एक प्रकरण बहुधा असतेंच. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुख्याध्यापक आणि 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व. 'स्टेशनरी' म्हणजे लेखनसाहित्य आणि 'स्टेशनरी' म्हणजे स्थिर, अशा जोड्या त्यांत ओळीनें मांडलेल्या असतात. आपल्या लिपींत लिहितांच दोहोंतील भेद नाहींसा होतो, यावरून या जोड्यांचें खरें स्वरूप वाचकांच्या ध्यानीं येईल. हा घोटाळा अर्थाचा नव्हे, एकदोन अक्षरांचा आहे. तरीहि आपलीं मुलें वर्षानुवर्षें या याद्या घोकतात, आणि आपण आईबाप मोठ्या समाधानानें तो पाठ म्हणवून घेतों. ही सारी मेहनत भलत्याच ठिकाणीं खर्ची पडत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या याद्यांचें कूळ इंग्रजांनीं आपल्याच बांधवांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत आहे. फाउलर यांचा इंग्रजी शब्दप्रयोगांवरील प्रसिद्ध कोश १९२६ सालीं निघाला. त्यांत अशा फसव्या जोड्यांवर स्वतंत्र टिपण आहे. परंतु त्या कोशाचा वाचक जन्मापासून इंग्रजी बोलणारा होता. शब्द त्याच्या कानीं आधीं पडतो आणि लेखणींत मागाहून उतरतो. म्हणून सारखे दिसणारे, सारखे ऐकूं येणारे शब्द त्याला फसवितात. 'हिअर' आणि 'लिसन' यांतला भेद मात्र त्याला कोणी शिकवावा लागत नाहीं. आम्ही त्याच्या दुखण्याचें औषध आणलें. आपलें दुखणें कोणतें, हें पाहिलेंच नाहीं.

मराठी मुलाची चूक निराळ्याच ठिकाणीं उगम पावते. आपलें एक 'ऐकणें' इंग्रजींत 'हिअर' आणि 'लिसन' असें दुभंगतें. आपण सावलींत बसतों आणि आपलीच सावली भिंतीवर पाहतों. इंग्रजास पहिलीसाठीं 'शेड' आणि दुसरीसाठीं 'शॅडो' लागते. आपलें बोट हाताचें असो वा पायाचें, बोटच. तिकडे एक 'फिंगर', दुसरें 'टो'. निरोप घेतांना "जातों" म्हणणें आपल्याला अशुभ वाटतें, म्हणून आपण "येतों" म्हणतों. तेंच शब्दशः इंग्रजींत उतरविलें तर यजमान बुचकळ्यांत पडेल. उलट, काका आणि मामा 'अंकल' या एकाच शब्दांत कोंबले जातात, आणि 'आम्ही' व 'आपण' यांचा भेद 'वुई' गिळून टाकतो. मराठी शिकणारा इंग्रज तेथें हमखास अडखळतो. तेव्हां हा बुद्धीचा दोष नव्हे. दोन भाषांचे बांध एकमेकांवर जुळत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या शेजारचा एक मुलगा या याद्यांत नेहमीं पैकीच्या पैकी गुण मिळवी. एकदां घरीं पाहुणे असतांना त्यानें त्यांतील एकाकडे 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' असें म्हणून लेखणी मागितली. मराठींत उसनें देणें आणि उसनें घेणें यांत 'उसनें' एकच. त्यानें तें 'बॉरो'ला जोडलें, आणि 'लेंड' त्याला आठवला नाहीं. चूक सुसंगत होती. पण मंडळी खदखदून हंसली. त्यानंतर तो वडील माणसांसमोर इंग्रजींत बोललेला आम्हीं ऐकला नाहीं. यादींतील शेंकडों शब्दांनीं त्याला जें दिलें नाहीं, तें त्या एका हंसण्यानें हिरावून नेलें.

जोडी एकत्र शिकविल्यानें भेद ठसतो, असें कोणी म्हणेल. थॉमस टिंकहॅम यांचे १९९३ सालचे प्रयोग याबद्दल शंका उत्पन्न करतात. एकाच वर्गांतले नवे शब्द एकदम शिकणारांना ते पाठ होण्यास असंबद्ध शब्दांपेक्षां अधिक फेऱ्या लागल्या. सारखेपणा स्मृतीला मदत करण्याऐवजीं तेथें आडवा आला. जुळ्यांची ओळख एकाच दिवशीं करून दिली, तर नांवांची अदलाबदल व्हायचीच.

दुसरा आक्षेप असा, कीं मराठी मध्यें आणल्यास मूल सदैव भाषांतरच करीत राहील. पण मूल मनांतल्या मनांत भाषांतर करीतच असतें. तें उघड करूं दिलें तरच सुधारतां येतें. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पिढ्या शिकल्या. तिच्यांतील वाक्यें आज जुनाट वाटतील, पण तिनें मराठी मुलाला मराठींतून उचललें, हें विसरतां कामा नये.

यास्तव आमची सूचना साधी आहे. अक्षरांच्या जोड्या शुद्धलेखनाच्या तासाकडे सोपवाव्या. ज्या मराठी शब्दाला इंग्रजींत दोन वाटा फुटतात, त्याची टिपणी शिक्षकांनीं मुलांच्याच वह्यांतील चुकांवरून करावी. एक वाट पायाखालची झाल्यावरच दुसरी दाखवावी. आणि आपण घरच्या मंडळींनीं, मुलाच्या तोंडून असें चुकीचें वाक्य निघालें, तर हंसण्यापूर्वीं त्यामागचें मराठी वाक्य कोणतें, तें त्याला विचारावें. त्या प्रश्नाच्या उत्तरांत आपल्या मुलांची खरी यादी सांपडेल.