सुरगाणा तालुक्यातील बंद घरांची भूकंपपूर्व नोंद ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नाशिक

विषय : स्थलांतरित कुटुंबांच्या घरांची स्थिती-नोंद ठेवून हादऱ्यांचे नुकसान एकत्रित मोजण्याबाबत.

महोदय,

पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात अधूनमधून भूकंपाचे सौम्य हादरे बसतात. भातकापणी उरकली की आमच्या तालुक्यातील कित्येक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर जातात. त्या काळात घराला कुलूप असते. हादऱ्याची खबर फोनवर लगेच कळते, भिंतीचे काय झाले ते मात्र कळत नाही. पंचनाम्याला आलेल्या तलाठी-ग्रामसेवकांनाही बंद दारापलीकडचे दिसत नाही. आमची मागणी एकच आहे : हादरा बसण्याआधी प्रत्येक घराची स्थिती छायाचित्रासह नोंदवावी आणि पुढचे नुकसान त्या नोंदीशी ताडून मोजावे.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार अंशतः पडझडीच्या मदतीसाठी किमान 15 टक्के नुकसान लागते. एका मोठ्या धक्क्यासाठी हा निकष ठीक आहे. सौम्य हादऱ्यांच्या मालिकेत मात्र पहिल्याने कोपऱ्याला चीर जाते, दुसऱ्याने ती रुंदावते, तिसऱ्याने कौले सरकतात. प्रत्येक वेळी नुकसान मर्यादेखालीच भरते आणि शेवटी भिंत पावसात बसली की कारण पाऊस ठरतो. मालक गावात असेल तर निदान चीर दाखवू तरी शकतो, परगावी असलेल्याकडे काहीच पुरावा उरत नाही. कारवीच्या कुडाचे हलके घर हादरा बऱ्यापैकी सोसते. खरी काळजी आहे ती मातीत रचलेल्या दगड-विटांच्या भिंतींची आणि भूकंपरोधक पट्ट्याविना बांधलेल्या पक्क्या घरांची.

हादरे किरकोळ आहेत, एवढा खटाटोप कशाला, असे म्हटले जाईल. सौम्य हादऱ्यांमागून मोठा भूकंप येतोच असे नाही, आणि आम्हाला भीती पसरवायची नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे उद्ध्वस्त झालेले किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते, आणि तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर 1992 मध्ये लहान धक्के बसून गेले होते. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदाखाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात 52 गावे हलवली गेली, हे सर्वांना आठवते. सुमारे दोन लाख घरांची जागेवरच, मालकांच्या सहभागाने दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, हे फारसे सांगितले जात नाही. आमच्या तालुक्याला उपयोगी धडा हाच दुसरा आहे. शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोकांवर तंबूत झोपण्याची वेळ आली. स्थिती-नोंदीतून कमकुवत घरे ओळखून दुरुस्ती आधी झाली तर तंबूंची गरज कमी भासेल.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. पण आधीचे छायाचित्र असेल तर जुनी चीर नवी म्हणून दाखवताच येणार नाही. ही नोंद शासनाच्या पैशाचेही रक्षणच करते. कर्मचारी अपुरे आहेत हे आम्हाला मान्य आहे, म्हणून नवे दप्तर मागत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घरांची नोंद असतेच, त्याला स्थिती आणि छायाचित्र जोडावे. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने ही यादी ग्रामसभेत वाचून कायम करता येईल. मालक परगावी असल्यास त्याने नेमलेल्या नातेवाइकासमोर दार उघडून पंचनामा व्हावा आणि त्याची प्रत मालकाला फोनवर मिळावी. नाशिकच्या ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेत नोंदलेल्या प्रत्येक हादऱ्याची तारीख व तीव्रता ग्रामपंचायतीला कळवली, तर चीर कोणत्या हादऱ्याची, हा वादही राहणार नाही.

भातकापणीनंतर कुटुंबे बाहेर पडण्यापूर्वी ही पहिली नोंद पूर्ण करण्याचे लेखी आदेश तहसीलदार व गटविकास अधिकारी, सुरगाणा यांना द्यावेत, ही विनंती.

आपले,
कामानिमित्त तालुक्याबाहेर राहणारे सुरगाणा तालुक्यातील रहिवासी