मनगटावरच्या चामड्याची जात कोणती?

सध्या तरुणांच्या मनगटावर चामड्याचे पट्टे दिसू लागले आहेत. कोणी त्यावर स्वतःचे नाव कोरून घेतो, कोणी मैत्रिणीचे, तर आमच्या वस्त्यांतली मुले अभिमानाने 'जय भीम' कोरून घेतात. मागणीप्रमाणे करून मिळणाऱ्या या पट्ट्याला शहरी दुकानात चांगली किंमत येते. हौसेला आमचा विरोध नाही. परंतु ज्या समाजाला या देशाने चामड्याला हात लावतो म्हणून गावकुसाबाहेर ठेवले, त्या समाजाच्या तरुणांनी मनगटावर काय बांधले आहे हे तपासून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चामडे सगळे सारखे नसते. म्हशीचे जाड आणि रखरखीत, शेळीचे पातळ पण चिवट, म्हणून गोफ विणायला चांगले. गाय-बैलाचे या दोहोंच्या मधले. एकाच कातड्याचे थर सोलले तर वरचा दाणेदार थर टिकतो, खालचा लवकर फाटतो. आणि कारखान्यातला चुरा गोंदात घोळवून, लाटून जो पत्रा करतात, त्यावरही 'अस्सल लेदर'चा शिक्का मारून विकणारे महाभाग आहेत. रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा पट्टा बहुधा या चुऱ्याचा नाहीतर सरळ रेक्झिनचा असतो.

पण खरा फरक कमावण्यात आहे. जगातले बहुतांश चामडे आज क्रोमच्या क्षारांनी कमावतात. ते काम दिवस-दोन दिवसांत उरकते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे मुरवायचे तर आठवडे जातात. गंमत अशी की क्रोमच्या चामड्यावर कोरलेले नाव नीट धरत नाही. सालीने कमावलेले कातडे ओले करून ठसा दाबला की तो कायमचा बसतो. म्हणजे नाव कोरलेल्या या महागड्या पट्ट्याला नेमकी तीच विद्या लागते, जी महाराष्ट्रात ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चुन्याच्या आणि सालीच्या हौदात उभे राहून जपली. हात सोलले, अंगाचा वास गेला नाही, म्हणून विटाळ मानला गेला. तीच विद्या आता 'नैसर्गिक' आणि 'पर्यावरणपूरक' म्हणून इंग्रजी नावाने विकली जाते. विकणारा मात्र ढोर नसतो!

या धंद्याची वाटणीही मनुवाद्यांनी कशी केली होती पाहा. मेलेले जनावर ओढायचे महाराने, कातडे कमावायचे ढोराने, जोडा शिवायचा चांभाराने, मोटेचा नाडा नि चाबूक करायचा मांगाने. एकाच कातड्यावर चार जाती, आणि चौघांत रोटी-बेटी नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे समजायला याहून सोपे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून 'परंपरा वाचवा' अशी हाक वरून आली की आम्ही सावध होतो. मेलेली ढोरे ओढणे सोडले तर तुमचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणाऱ्यांना, मग ते काम तुम्हीच करा आणि नफाही तुम्हीच घ्या, असे उत्तर दिल्याची आठवण बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरच्या भाषणात सांगितली होती. ते आव्हान कोणी स्वीकारले नाही. उलट २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले गेले. महाराष्ट्रात २०१५ साली गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली; म्हैस तेवढी सुटली. बैलाचे कातडे महागले, ते मिळवणे जोखमीचे झाले. भार कारागिरावर पडला. गोरक्षकाच्या पायातला जोडा कशाचा आहे, हे विचारायला कायद्यात कलम नाही.

याच पार्श्वभूमीवर प्राडा प्रकरणाकडे पाहिले पाहिजे. जून २०२५ मध्ये या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आरडाओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे, आणि ते दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये या महामंडळांशी करार होऊन सुमारे २,००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरोला विकण्याचे जाहीर झाले. रुपयांत ही किंमत ऐंशी हजारांच्या वर जाते.

वर्तमानपत्रांनी याला कोल्हापूरचा विजय म्हटले. आम्हाला आनंद आहेच. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या ऐंशी हजारांतले रापी-आरी चालवणाऱ्याला किती, वेणी घालणाऱ्या बाईला किती, आणि कातडे कमावणाऱ्याला किती? चर्चेत चांभार निदान दिसला. ढोर तर दिसलाही नाही.

उत्पादन यंत्रावर गेले म्हणून सगळे सुटले, असेही नाही. युरोपने मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात घातक क्रोमियमला किलोमागे तीन मिलिग्रॅमची मर्यादा घातली. घालणाऱ्याच्या कातडीची एवढी काळजी! त्याच वर्षी जानेवारीत तमिळनाडूत राणीपेठ येथे चर्मोद्योगाच्या सांडपाणी केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत कोसळून १० कामगार झोपेत बुडून मेले. त्यांच्या जिवाची मर्यादा किती मिलिग्रॅम, हे कोणत्याही नियमावलीत नाही.

तेव्हा आमच्या तरुणांनी पट्टा जरूर घ्यावा. चामडे कोणाचे, सालीत कमावले की क्रोममध्ये, कमावले कोणी, हे दुकानदाराला विचारावे. आणि महामंडळाला आमची मागणी आहे की, मानांकनाच्या प्रत्येक जोडामागे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या दोघांची मजुरी किती दिली, ते आकडे त्याने जाहीर करावेत. कराराची प्रत मराठीत, कोल्हापूरच्या सुभाषनगरात लावावी.