किडनीचा आजार जनुकात लिहिलेला असतो का? डीएनए टेस्ट मागवण्याआधी हे वाचा

‘लाळेचा नमुना कुरिअरने पाठवा, आजारांचा अंदाज मोबाइलवर बघा.’ अशा जाहिराती आता नांदेड-लातूरच्या पोरांच्या फीडमध्येही येतात. घरात कुणाचं डायलिसिस सुरू असेल तर बोट आपोआप ‘ऑर्डर’कडे जातं. म्हणून आधी यामागचं विज्ञान कुठवर आलंय ते बघू.

एपोएल-१ ची गोष्ट

२०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एपोएल-१ या जनुकाचे दोन बदल शोधले. हे जनुक जे प्रोटीन बनवतं, ते आफ्रिकेतल्या ‘निद्रारोगा’च्या परजीवींना मारतं. त्सेत्से माशीमुळे पसरणाऱ्या या रोगापासून बदललेलं जनुक जास्त संरक्षण देतं, म्हणून ते पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत पसरलं. आई आणि वडील दोघांकडूनही ते आलं, तर मात्र किडनीच्या गाळणीला धोका वाढतो.

आता खरी मेख. आफ्रिकन-अमेरिकन लोकांपैकी सुमारे १३ टक्क्यांकडे अशा दोन प्रती असतात, पण त्यातल्या बहुतेकांची किडनी आयुष्यभर ठीक चालते. मग काहींचीच का बिघडते? ड्यूक विद्यापीठातले डॉ. ओपेयेमी ओलाबिसी याच प्रश्नावर काम करतात. विषाणूंचा संसर्ग झाला की शरीर इंटरफेरॉन बनवतं आणि त्यामुळे एपोएल-१ चं उत्पादन वाढतं. म्हणजे जनुक ही बंदूक. चाप दुसरंच कुणीतरी ओढतं. हा चाप अडवता येईल का, हे बघण्यासाठी त्यांनी संधिवाताच्या बॅरिसिटिनिब या औषधाची चाचणी हाती घेतली. इनॅक्साप्लिन नावाचं दुसरं औषध थेट या प्रोटीनलाच रोखतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत १३ रुग्णांच्या लघवीतून जाणारं प्रोटीन १३ आठवड्यांत सरासरी ४७.६ टक्के कमी झालं.

मग आपलं काय?

हे बदल भारतीयांत जवळजवळ आढळत नाहीत. त्यामुळे रिपोर्टवर ‘एपोएल-१ : धोका नाही’ असं हिरव्या रंगात दिसलं, तरी मराठवाड्यातल्या माणसासाठी त्याचा अर्थ जवळपास शून्य. ज्यांचा डेटा गोळा झाला, त्यांच्यासाठीच उत्तर सापडलं.

आपल्याकडे सुरुवात झालीय. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातल्या सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. पण नुसती जनुकं वाचून भागत नाही. त्याला रुग्णांच्या नोंदी जोडाव्या लागतात. माझं मत स्पष्ट आहे : नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था इथले किडनीचे रुग्ण, अर्थात त्यांच्या संमतीने, अशा अभ्यासात यायला हवेत.

आणि चाप ओढणारे आपल्याकडे कमी आहेत का? मधुमेह, बीपी, मनाने घेतलेल्या पेनकिलर. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये उन्हात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुणपणीच निकामी होताना दिसल्या. ऊस आणि ऊन, दोन्ही आपल्या ओळखीचं.

जनुकचाचणी खरंच कधी लागते?

समजा, वडिलांना ‘पॉलिसिस्टिक किडनी’ आहे आणि २४ वर्षांची मुलगी किडनी द्यायला तयार आहे. या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. तरुण वयात सोनोग्राफीत गाठी दिसल्या नाहीत, म्हणून ती सुटली असं नाही. इथे पीकेडी-१ आणि पीकेडी-२ या जनुकांची तपासणी दोन जीवांचा निर्णय ठरवू शकते. पण ती किडनीतज्ज्ञाच्या सल्ल्याने, वडिलांच्या नमुन्यापासून सुरू करायची असते. कुरिअरच्या किटवर नाही.

आज तुम्ही काय कराल?

घरात किडनीचा आजार, मधुमेह किंवा बीपी असेल, तर दोन साध्या तपासण्या करा : रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. रिपोर्टच्या पीडीएफमध्ये ‘ईजीएफआर’ हा आकडाही बघा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि तो चांगला असला तरी लघवीचा रिपोर्ट सोडू नका. गाळणी बिघडायला लागली की अनेकदा पहिली खूण तिथेच दिसते.