हिशेब मिळायच्या आधी पत्र मागा

डोंगरकडा गावात ऊस लावला की शेतकरी आधी कारखान्याच्या चिटबॉयला गाठतो. नोंद लागणीच्या तारखेने होते आणि पुढे तोडही त्याच क्रमाने येते. टोळी फडाच्या तोंडाशी आल्यावर नोंदीसाठी धावणाऱ्याला गाव हसेल. पण याच घरांतली शिकलेली पोरं पुण्या-चाकणला चार-सहा वर्षं नोकरी करून कॅनडात कायम राहण्यासाठी अर्ज भरायला बसतात, तेव्हा नेमकं हेच करतात. आमंत्रण आलं, की मग अनुभवाच्या पत्रासाठी जुन्या कंपनीला फोन.

कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त आमंत्रण आल्यापासून पूर्ण अर्ज भरायला 60 दिवस मिळतात. त्यातच पोलिसांचा दाखला आणि बँकेची कागदपत्रंही जमवायची असतात. तोवर जुने साहेब कंपनी सोडून गेलेले असतात, एचआरमधलं कुणी ओळखत नाही, आणि छोटा कारखाना असेल तर त्याला कुलूपही लागलेलं असतं.

म्हणून, बाबांनो, सोडून आलेल्या प्रत्येक नोकरीचं पत्र आत्ताच आणा. जो आता नोकरी सोडतोय त्याने राजीनामा मंजूर झाला की शेवटचा हिशेब मिळायच्या आधी मागावं. त्या आठवड्यात सही देणारा माणूस समोर असतो. नंतर आपण त्याच्या लेखी कुणीच नसतो.

‘रिलीव्हिंग लेटर आहे की’ असं म्हणू नका. त्यावर बहुधा तारखा आणि हुद्दा एवढंच असतं. कॅनडाच्या अर्जाला कंपनीच्या लेटरहेडवर कामाचा कालावधी, हुद्दा, प्रत्यक्ष काय काम केलं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि भत्ते, शिवाय सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क हवा. आठवड्याला 30 तास म्हणजे तिथे पूर्णवेळ; तास लिहिलेले नसतील तर मोजणार काय? काम मात्र आपल्या शब्दांत लिहून घ्या. तिकडच्या ‘एनओसी’तली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली दिसली की शंका येते. (ही एनओसी म्हणजे आपली ना-हरकत नव्हे, कॅनडाची व्यवसायांची वर्गवारी आहे.)

चाकणच्या पोरांसाठी एक जास्तीची गोष्ट. गेटवर पाटी मोठ्या कंपनीची असते, पण पगार ठेकेदार देतो. पत्र त्याच ठेकेदाराचं लागतं. पीएफच्या पासबुकात कोणाचं नाव आहे ते आजच बघा. ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलत असेल तर पत्रंही तितकीच लागतील, आणि गेलेला ठेकेदार शोधणं म्हणजे गेलेल्या टोळीचा मुकादम शोधण्यासारखं आहे.

सध्याच्या नोकरीचं पत्र ही खरी अडचण. लवकर मागावं तर साहेबाला कुणकुण लागते आणि पगारवाढ अडते. शिवाय अजून तिथेच कामाला आहात हे पत्रावरून दिसायला हवं, म्हणून ते ताजंच बरं. हे एकच पत्र शेवटी घ्या. पण मजकूर लिहून ठेवा आणि सही कोण देईल ते आधीच ठरवा.

कुणी पत्र देतच नसेल तर पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, पीएफचं पासबुक, बँकेच्या नोंदी आणि सोबत काम केलेल्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि पत्र का मिळालं नाही ते अर्जात सरळ लिहा. हे पुरेलच असं नाही. तरी एजंटाने छापून दिलेल्या पत्रापेक्षा बरं. खोटं उघडं पडलं तर कॅनडाचं दार 5 वर्षं बंद होतं. एजंट तोवर दुसरं गिऱ्हाईक बघतो.

साखर कारखान्यात किंवा सोसायटीत काम केलेल्यांना पत्र मराठीत मिळालं तरी बिघडत नाही. सोबत इंग्रजी अनुवाद लागेल. तो स्वतः केलेला चालत नाही, आणि इंग्रजीचे मास्तर असलेल्या काकांनी केलेलाही नाही.